उभी गाडीही म्हातारी होते

‘गाडी चालतेच कुठे? वर्षाला जेमतेम तीन हजार किलोमीटर. सर्व्हिसिंग कशाला हवं?’ हा संवाद कुठल्याही सोसायटीच्या पार्किंगमध्ये ऐकू येतो. बोलणारा बहुधा निवृत्त असतो किंवा घरून काम करणारा. गाडी छोटी, जपून वापरलेली, आठवड्यातून एकदा भाजीला आणि वर्षातून दोनदा गावाला जाणारी. हिशेब सरळ वाटतो: चालली नाही, म्हणजे झिजली नाही.

पण गाडीसोबत आलेलं पुस्तक उघडून बघा. इंजिन ऑइलपुढे ‘१०,००० किलोमीटर किंवा १ वर्ष, जे आधी होईल ते’ अशा धर्तीची ओळ असते. आपण त्यातला किलोमीटरचा अर्धा भाग वाचतो आणि वर्षाचा सोडून देतो. कंपनीने तो गिऱ्हाईक फिरून यावं म्हणून घातलाय, अशी आपली खात्री असते. थोडंफार तसं असेलही, पण त्यामागे पक्कं रसायनशास्त्र आहे. गाडीतले धातूचे भाग चालल्याने झिजतात. तिच्यातली द्रवं आणि रबर मात्र नुसत्या काळाने बिघडतात, आणि काही बाबतींत तर उभं राहिल्यामुळे जास्तच बिघडतात.

सगळ्यात दुर्लक्षित द्रव म्हणजे ब्रेक ऑइल. नावात ऑइल असलं तरी ते तेल नाही. ग्लायकॉल इथर जातीच्या रसायनांचं हे मिश्रण हवेतली वाफ शोषून घेतं. बॉनेट उघडल्यावर दिसणाऱ्या छोट्या पांढुरक्या डबीच्या झाकणातून आणि चाकांकडे जाणाऱ्या रबरी नळ्यांच्या भिंतींतून पाणी हळूहळू आत मुरत राहतं. गाडी चालो वा उभी राहो, हे थांबत नाही. कोकणातल्या पावसाळ्यात तर हवा पाण्याने भरलेलीच असते.

पाणी मुरलं तर बिघडतं काय? उकळण्याचं तापमान खाली येतं. नव्याकोऱ्या ‘डॉट ३’ प्रतीच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. त्यात ३.७ टक्के पाणी मिसळल्यावर तो किमान १४० अंश असला तरी प्रमाणकाला चालतं. ‘डॉट ४’साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. म्हणजे शंभरात चार भागांहून कमी पाणी, आणि हातची ६५-७५ अंशांची सोय गेली. शहरातल्या रस्त्यावर याचा पत्ताही लागत नाही. लागतो तो घाटात.

पसरणीचा घाट घ्या. वाई समुद्रसपाटीपासून साधारण ७०० मीटरवर, पाचगणी १,३०० मीटरच्या आसपास. छोटी गाडी, चार माणसं आणि डिकीत स्ट्रॉबेरीचे खोके मिळून १,२०० किलो धरू. एवढं वजन किमान साडेपाचशे मीटर खाली उतरवताना सुमारे ६५ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. पिण्याच्या पाण्याचा वीस लिटरचा जार असतो ना, तेवढं पाणी साध्या तापमानापासून उकळीपर्यंत न्यायला लागते तितकीच ही ऊर्जा. उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये असेल तर यातला चांगला वाटा इंजिन आणि हवेचा विरोध उचलतात. न्यूट्रलमध्ये सोडली, तर बहुतेक उष्णता समोरच्या दोन डिस्क आणि मागच्या दोन ड्रममध्ये जाते.

तिथून ती डिस्क दाबून धरणाऱ्या पॅडमधून त्यांच्यामागच्या पिस्टनकडे आणि ब्रेक ऑइलकडे सरकते. द्रव दाबला जात नाही, म्हणून तर पायाचा जोर चाकापर्यंत पोचतो. पण त्यात वाफेचे बुडबुडे झाले की पायाचा जोर ते बुडबुडे दाबण्यातच संपतो. पॅडल स्पंजासारखं आत जातं आणि गाडी थांबत नाही. सगळ्यात फसवा क्षण तर घाट उतरून चहाला थांबल्यावर येतो. वारा लागायचा बंद होतो, तापलेल्या डिस्कची उष्णता पिस्टनकडे जात राहते आणि ब्रेक ऑइलचं तापमान थांबल्यावरही काही मिनिटं चढू शकतं. चहा पिऊन निघताना पॅडल एकदा दाबून बघावं, ते यासाठी.

पेट्रोल वाचतं म्हणून न्यूट्रल करणाऱ्यांसाठी एक खुलासा. आजच्या इंजेक्शनवाल्या गाडीत गिअर तसाच ठेवून ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, की उतारावर इंजिनाला चाकंच फिरवतात आणि संगणक पेट्रोलचा पुरवठा बंद करतो. न्यूट्रलमध्ये इंजिन आपल्या बळावर चालू ठेवावं लागतं, म्हणजे पेट्रोल जळतंच. कार्ब्युरेटरच्या काळातली काटकसर आता उलटी पडते.

ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदला, असं अनेक कंपन्या सांगतात. गंमत अशी, की सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर आपण नेमके याच ओळीवर हटून बसतो आणि ‘इंजिन डीकार्बनायझिंग’, ‘एसी डिसइन्फेक्शन’ वगैरे भारदस्त नावांना मान डोलावतो. माझ्या मते हे उलट हवं. त्या डबीबद्दल आणखी एक गोष्ट: पातळी खाली गेली म्हणून वरून ओतून मोकळं होऊ नका. पॅड झिजत जातात तसा पिस्टन बाहेर येतो आणि त्यामागची वाढलेली जागा भरायला द्रव डबीतून खाली उतरतो. पातळी घटली याचा अर्थ पॅड पातळ झालेत किंवा कुठेतरी गळतंय. आधी ते बघायचं.

आता इंजिन ऑइल. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी तयार होतं. पेट्रोलमधला हायड्रोजन हवेतल्या ऑक्सिजनशी जुळतो, त्याचं हे पाणी. बहुतेक सगळं वाफ होऊन सायलेन्सरवाटे निघून जातं आणि थोडी वाफ पिस्टनच्या रिंगांच्या कडेने खाली ऑइलच्या टाकीत उतरते. इंजिन अर्धा-पाऊण तास नीट तापलं तर ती उडून जाते. पण घर ते मंडई ते घर अशा दोन किलोमीटरच्या फेऱ्यांत ऑइल तापतच नाही. पाणी तिथेच राहतं आणि गार इंजिनात न जळलेलं थोडं पेट्रोलही मुरतं. ऑइल पातळ होतं, आम्ल तयार होतं आणि ते आम्ल मारण्यासाठी घातलेली द्रव्यं खर्ची पडतात.

हे डोळ्यांनी दिसतं. इंजिन गार असताना ऑइल ओतायचं झाकण फिरवून काढा आणि त्याची आतली बाजू बघा. पावसाळ्यात, जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाडीत तिथे कधीकधी फिकट पिवळसर, लोण्यासारखा थर असतो. ते पाणी आणि ऑइल घुसळून झालेलं मिश्रण. एकदा लांबची चक्कर मारून थर गेला तर काळजी नाही. पुन्हा पुन्हा आला आणि कूलंटही कमी होत असेल, तर मेकॅनिकला दाखवा, कारण मग कूलंट ऑइलमध्ये शिरत असण्याची शंका येते. ऑइल काळं दिसतं म्हणून मात्र घाबरू नका. काजळी धरून ठेवणं हे त्यातल्या स्वच्छक द्रव्यांचं कामच आहे.

कूलंटबद्दल थोडक्यात: त्यातली गंजरोधक द्रव्यं संपत जातात, आणि बोअरच्या पाण्याने भर घातली तर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत क्षार बसतात. गरम इंजिनाचं रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नये.

बॅटरीचं गणित तोंडी मांडता येतं. गाडी बंद असतानाही घड्याळ, लॉक आणि संगणक मिळून काही मिलिअँपिअर खात असतात. ३० मिलिअँपिअर धरले तर दिवसाला ०.७२ अँपिअर-तास. छोट्या गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-तासांच्या आसपासची, म्हणजे साडेतीन आठवड्यांत निम्मी रिकामी. अशा अर्धपोटी बॅटरीत शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचे कडक स्फटिक धरतात आणि ते पुढे चार्जिंगनेही पुरते विरघळत नाहीत. रोज दोन मिनिटं गाडी नुसती चालू करून ठेवण्याने फारसं साधत नाही. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा अर्धा तास फिरवा. बॅटरी भरते आणि ऑइलमधली वाफही उडते.

टायरची गोष्ट मला सगळ्यात चमत्कारिक वाटते. हवेतला ओझोन रबराच्या रेणूंच्या साखळ्या तोडतो आणि बाजूच्या भिंतीवर बारीक भेगा पडतात. त्यावर उपाय म्हणून कारखान्यातच रबरात मेण आणि ओझोनरोधक रसायनं मिसळतात. टायर फिरताना रबर सतत दबतं, ताणलं जातं आणि ही द्रव्यं आतून पृष्ठभागाकडे येत राहतात. उभ्या गाडीच्या टायरला हे ताजं लेपण पुरेसं मिळत नाही. त्यामुळे खाच अगदी नव्यासारखी खोल, पण भिंत तडकलेली, असे टायर कमी चालणाऱ्या गाड्यांवरच दिसतात.

टायरचं वय त्याच्यावरच लिहिलेलं असतं. रिमजवळ ‘डॉट’ या अक्षरांनी सुरू होणारी ओळ शोधा. तिच्या शेवटच्या चार अंकांतले पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. कधीकधी हे चार अंक टायरच्या आतल्या बाजूच्या भिंतीवर असतात, तेव्हा थोडं वाकावं लागतं. पाच वर्षांनंतर दरवर्षी टायर तपासून घ्यावेत आणि दहाव्या वर्षापुढे वापरू नयेत, असा सर्वसाधारण सल्ला आहे. स्टेपनीलाही तो लागू होतो, आणि ती बहुतेक वेळा गाडीइतकीच जुनी असते. खाच १.६ मिलिमीटरवर आली की टायर कायद्यानेही संपला. खाचांच्या तळाशी असलेले छोटे उंचवटे पृष्ठभागाला टेकले की ती मर्यादा आली, असं समजायचं.

हे सगळं आपणच बघायचं? आपल्याकडे बव्हंशी हो. ब्रिटनमध्ये १९६० पासून गाड्यांची सक्तीची तपासणी आहे आणि आज तीन वर्षांपुढची बहुतेक प्रत्येक गाडी दरवर्षी ब्रेक, स्टिअरिंग, टायर, दिवे दाखवायला न्यावी लागते. जर्मनी आणि जपानमध्ये पहिली तपासणी तिसऱ्या वर्षी, मग दर दोन वर्षांनी. भारतात खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. ती संपल्यावर नूतनीकरणाच्या वेळी आरटीओची तपासणी होते. तोवर नियमाने करावी लागणारी तपासणी एकच, पीयूसी. ती फक्त धूर मोजते. बीएस ४ किंवा बीएस ६ या प्रदूषण मानकांच्या पेट्रोल गाडीच्या धुरात आयडलिंगला कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्क्यांच्या आत आहे की नाही, अशाच गोष्टी तिला कळतात. ब्रेक लागतात की नाही, हे ती विचारत नाही. (पीयूसीला जाण्याआधी गाडी दहा-पंधरा मिनिटं चालवा. सायलेन्सरच्या वाटेवरचा, धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर अडीचशे-तीनशे अंशांना तापल्यावरच नीट काम करतो. गार गाडी विनाकारण नापास व्हायची.)

ही माहिती सर्वांत उपयोगी पडते ती जुनी गाडी विकत घेताना. ‘एकहाती, डॉक्टरांची, फक्त १८,००० किलोमीटर’ अशी जाहिरात वाचून ओडोमीटरकडे धावण्याआधी पाचही टायरांचे चार-चार अंक वाचा, ऑइलचं झाकण उलटं करून बघा आणि ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं त्याचं बिल मागा. सात वर्षांच्या गाडीत ते बिल नसेल आणि टायर मूळचेच असतील, तर चार टायर, एक बॅटरी आणि सगळी द्रवं यांचा खर्च काढून तेवढी रक्कम भावातून कमी करायला सांगा.