बॉक्सखाली लपलेला माणूस पडद्यावर का येत नाही: मेटल गिअर सॉलिडच्या रखडलेल्या पिक्चरची पार्श्वभूमी

मेटल गिअर सॉलिड या जपानी व्हिडिओ गेमवर पिक्चर येणार ही बातमी पहिल्यांदा आली २००६ ला. तेव्हा कॉलेजात असताना ती वाचून ज्यांनी उड्या मारल्या ते आता चाळिशीला टेकलेत आणि पिक्चरचा अजून पत्ता नाही. दर तीन-चार वर्षांनी कुणाचंतरी नवीन नाव जोडलं जातं, लोक खुश होतात, हिरो म्हणून कोण शोभेल यावर भांडतात, आणि मग परत सामसूम. आपण सगळे हॉलिवूडला शिव्या घालून मोकळे होतो, पण मला विचाराल तर घोडं पेंड खातंय ते हॉलिवूडच्या बरंच आधी, थेट १९८७ मध्ये.

तर हा गेम बनवणारा हिदेओ कोजिमा १९८६ ला कोनामी या जपानी गेम कंपनीत लागला. याला खरं व्हायचं होतं सिनेमावाला, ते जमलं नाही म्हणून गेममध्ये आला. कंपनीने काम काय दिलं तर युद्धाचा गेम कर, आणि तोसुद्धा एमएसएक्स२ या होम कॉम्प्युटरवर. आता या मशीनची गंमत अशी की पडद्यावर हलणारी जी छोटी चित्रं असतात ना, स्प्राइट म्हणतात त्यांना, ती एका आडव्या रेषेत आठच दिसू शकतात, नववं आलं की ते गायब. बरं, एक सैनिक जरा बऱ्या रंगात दाखवायचा तर दोन-दोन स्प्राइट एकावर एक ठेवावे लागणार, त्यात तुमचा हिरो, त्यात दोन्हीकडच्या गोळ्या, म्हणजे तीन-चार माणसं समोरासमोर आली की मशीनने हात टेकले. असल्या डब्यावर युद्ध काय कप्पाळ करणार? मग कोजिमाने डोकं लढवलं की शत्रू कमीच दाखवता येणार असतील तर लढायचंच कशाला, त्यांची नजर चुकवून पुढे सरकायचं. युद्धकैद्यांच्या पलायनावरचा 'द ग्रेट एस्केप' हा १९६३ चा पिक्चर त्याचा लाडका होता, त्याचाही हात यात होताच. १३ जुलै १९८७ ला मेटल गिअर आला. गार्ड समोर बघतोय तोवर थांबा, त्याने पाठ फिरवली की सटका. दिसलात तर त्याच्या डोक्यावर उद्गारचिन्ह.

म्हणजे लक्षात घ्या, हा प्रकार जन्मालाच आला मशीनच्या गरिबीतून. आणि हॉलिवूडची अडचण बरोब्बर उलटी आहे, तिथे पैसे हाताशी असतात त्यामुळे दहा माणसांच्या जागी शंभर माणसं आणि एका हेलिकॉप्टरच्या जागी पाच हेलिकॉप्टर आणता येतात, आणि आणता येतात म्हणून आणली जातात.

(तसं लपायचा गेम कोजिमाने पहिल्यांदा केला असं नाही. १९८१ ला ॲपल २ वर सायलस वॉर्नरचा कॅसल वुल्फेनस्टाइन आला होता, त्यात नाझी किल्ल्यातून निसटायचं, त्यांचाच युनिफॉर्म घालून त्यांना गंडवायचं वगैरे होतंच. पण ती वाट तेव्हा फारशी पुढे गेली नाही.)

एक किस्सा इथेच सांगून टाकतो. मेटल गिअर लगेच निन्टेंडोच्या एनईएस या गेमिंग मशीनवर आणला गेला, कोजिमाला बाजूला ठेवून, दुसऱ्या टीमने. त्या व्हर्जनमध्ये शेवटी मेटल गिअर नावाचा तो दोन पायांवर चालणारा अण्वस्त्रवाला टँकच नाही! त्याच्या जागी एक कॉम्प्युटर बसवलाय, तो फोडायचा. म्हणजे नाव मेटल गिअर आणि आत मेटल गिअर गायब. दुसऱ्याच्या हातात गेल्यावर मूळ वस्तूच गळून पडायची परंपरा या सिरीजमध्ये पिक्चरच्या आधीपासूनच आहे म्हणायची.

मग आलं १९९८. या वर्षाबद्दल लिहावं तितकं थोडं. फेब्रुवारीत जपानमध्ये टेन्चू, सप्टेंबरमध्ये प्लेस्टेशनवर याच सिरीजचा मेटल गिअर सॉलिड, आणि वर्ष संपता संपता पीसीवर थीफ, ज्यात पायाखाली लादी आहे की गालिचा यावरून पावलाचा आवाज बदलायचा आणि गार्डला तो ऐकू जायचा. एकाच वर्षात तिघांनी तीन वेगळ्या दिशांनी येऊन स्टेल्थ, म्हणजे लपतछपत खेळायचा गेम, हा स्वतंत्र प्रकार उभा केला. यातला मेटल गिअर सॉलिड सगळ्यात मोठा ठरला, ६० लाखांच्या वर खपला, आणि त्याला 'अगदी सिनेमासारखा' हा शिक्का तेव्हाच बसला. हिरोचं नाव स्नेक, तेही १९८१ च्या 'एस्केप फ्रॉम न्यूयॉर्क' मधल्या स्नेक प्लिसकेनवरून उचललेलं. कॅमेरा, म्युझिक, लांबलचक संवाद, अलास्कातलं बर्फाळ बेट, सगळं सिनेमाचं. कोजिमा स्वतःच्या ट्विटरवर लिहायचा की माझं ७० टक्के शरीर सिनेमाचं बनलेलंय. अजून एक मजा, इंग्रजीत स्नेकला आवाज देणारा डेव्हिड हेटर हाच २००० च्या 'एक्स-मेन' चा पटकथालेखक. म्हणजे पिक्चर लिहिणारा माणूस गेममध्ये बोलत होता आणि पिक्चर करायची हौस असलेला माणूस गेम बनवत होता, आता अजून कुणाला काय पाहिजे?

पण त्या गेममधलं लोकांना आज काय आठवतं ते बघा. पुठ्ठ्याचा बॉक्स. तुम्ही बॉक्स पांघरून बसता, गार्ड शेजारून जातो, मघाशी इथे बॉक्स नव्हता हे त्याच्या डोक्यातही येत नाही. किंवा बर्फातले पायाचे ठसे, तुमचेच ठसे बघत गार्ड मागे मागे येतो आणि तुम्ही कंटेनरला पाठ लावून श्वास रोखून बसलेले, खरोखरचा श्वास बरं का, स्वतःचा. आणि सायको मँटिस नावाचा व्हिलन! हा बाबा म्हणतो मी तुझं मन वाचतो, आणि तुमच्या मेमरी कार्डवर कोनामीचे दुसरे कुठले गेम सेव्ह आहेत ते धडाधड सांगायला लागतो. मग म्हणतो कंट्रोलर जमिनीवर ठेव, मी मनाच्या जोरावर हलवून दाखवतो, आणि व्हायब्रेशनने कंट्रोलर खरंच फरशीवर थरथरतो. त्याला हरवायचा उपाय काय, तर कंट्रोलर काढून दोन नंबरच्या पोर्टमध्ये लावायचा, मग त्याला मन वाचता येत नाही. मेरिल या गेममधल्या साथीदाराशी रेडिओवर बोलायची फ्रिक्वेन्सी १४०.१५, ती गेममध्ये नव्हतीच, सीडीच्या कव्हरच्या मागे छापलेल्या फोटोत होती.

आता हे पिक्चरमध्ये कसं आणणार सांगा. सिनेमासारखा म्हणून गाजलेला गेम, त्यातलं सिनेमासारखं जे आहे ते तर सिनेमातूनच आलेलं, ते परत पडद्यावर नेलं तर नवीन काय? आणि जे त्याचं स्वतःचं आहे ते खुर्चीत बसून बघणाऱ्याला देताच येत नाही, कारण त्याच्या हातात कंट्रोलरच नाही. बॉक्सखाली तुम्ही स्वतः असता तेव्हा ते टेन्शन असतं, तिसराच कोणी बॉक्सखाली आहे आणि आपण लांबून बघतोय म्हटल्यावर ती कॉमेडी होते.

बरं आता पिक्चरचा इतिहास. २००६ च्या ई३ या गेमच्या मोठ्या प्रदर्शनात कोजिमाने सांगितलं की काम सुरू आहे. तो काळ गेमवरच्या पिक्चरांसाठी भलताच बदनाम होता, उवे बोल नावाचा जर्मन डायरेक्टर एकामागून एक गेम घेऊन त्यांचं वाटोळं करत होता, त्याचं नाव याही पिक्चरशी जोडलं गेलं तेव्हा कोजिमाने जाहीरपणे झटकून टाकलं की असल्या माणसाबरोबर आम्ही पिक्चर करणं शक्यच नाही. २००७ ला मायकेल डी लुका प्रोड्युसर म्हणून समोर आला, मध्ये कर्ट विमरचं नाव डायरेक्टर म्हणून फिरलं, आणि २०१० च्या जानेवारीत डी लुकानेच सांगितलं की प्रोजेक्ट गुंडाळलाय. मधल्या काळात मेटल गिअर सॉलिड ४ येऊन गेला, २००८ ला, ज्याचा नुसता शेवटच तासाभराच्या वर चालतो. तोवर अनेकांनी म्हणून टाकलं होतं की अहो पिक्चर कशाला पाहिजे, हाच पिक्चर आहे.

३० ऑगस्ट २०१२, सिरीजची २५ वर्षं, टोकियोत मोठा कार्यक्रम. स्टेजवर स्पायडर-मॅनवाले प्रोड्युसर अवी अराद, आणि घोषणा की कोलंबिया पिक्चर्सबरोबर पिक्चर होणार. २०१४ ला जॉर्डन वोट-रॉबर्ट्सचं नाव डायरेक्टर म्हणून आलं, हा माणूस मात्र खरा भक्त. त्याने मध्येच जाऊन २०१७ चा 'काँग: स्कल आयलंड' केला, परत आला, आणि २०१८ ला मेटल गिअरला ३१ वर्षं झाली म्हणून ३१ दिवस रोज एक चित्र टाकलं, वेगवेगळ्या चित्रकारांकडून करून घेतलेलं. चित्रं जबरदस्त होती. पिक्चर मात्र चित्रांवरच थांबला. जे बासू, मग डेरेक कॉनोली, असे लेखक बदलले. २०२० च्या डिसेंबरमध्ये ऑस्कर आयझॅक स्नेक होणार हे जाहीर झालं, त्याने आधीच एका मुलाखतीत बोलून दाखवलं होतं की हा रोल करायला आवडेल, त्यामुळे त्या वेळी सगळ्यांनाच वाटलं आता झालंच.

या सगळ्यात सगळ्यात मोठी घटना पिक्चरशी थेट संबंध नसलेली आहे. २०१५ ला याच सिरीजचा फँटम पेन हा गेम आला आणि त्याच वर्षाच्या शेवटी कोजिमा कोनामीतून बाहेर पडला. गेमचे हक्क कंपनीकडे, गेम ज्याच्या डोक्यात होता तो बाहेर. आता डायरेक्टरने बॉक्स ठेवायचा की काढायचा हे विचारायचं कुणाला? तिकडे कोजिमाने स्वतःच्या कंपनीच्या डेथ स्ट्रँडिंग या गेमवर ए२४ या अमेरिकन फिल्म कंपनीबरोबर पिक्चर जाहीरही करून टाकला.

बाकीच्यांनी काढले पिक्चर, काढले नाहीत असं नाही. पण काय झालं ते बघा. हिटमॅनचा गेम डेन्मार्कच्या आयओ इंटरॅक्टिव्हचा, २००० सालापासूनचा. त्यात तुम्ही एजंट ४७ नावाचे भाड्याचे मारेकरी, वेटरचे कपडे घाला, ग्लासात विष टाका, शांतपणे चालत बाहेर पडा, कुणाला कळताही कामा नये, हेच कौशल्य. २००७ च्या पिक्चरमध्ये टिमोथी ऑलिफंटचा एजंट ४७ चक्क भुयारी रेल्वेच्या डब्यात तलवारी घेऊन लढतो. २०१५ ला रुपर्ट फ्रेंडला घेऊन परत तोच खेळ, गोळ्यांचा पाऊस. दोन्ही स्वस्तात बनले, अडीच कोटी आणि साडेतीन कोटी डॉलरच्या आसपास, त्यामुळे बुडाले नाहीत, पण नाव कुणी काढत नाही. आणि ते टक्कल, त्यावर मागे बारकोड! गेममध्ये तो आचारी होऊन फिरतो आणि बारकोडकडे कुणी बघत नाही, आपणही बघत नाही, कारण गेमचा नियम म्हणून आपण ते मान्य केलेलं असतं. पडद्यावर खरा माणूस तसा फिरायला लागला की पहिला प्रश्न हाच पडतो, अरे याला ओळखत कसं नाही कोणी?

असॅसिन्स क्रीड हा तसा पैसेवाला प्रयत्न होता. २०१६, मायकेल फासबेंडर, डायरेक्टर जस्टिन कर्झेल, बजेट सुमारे १२.५ कोटी डॉलर. उंचावरून मारायच्या त्या प्रसिद्ध उडीसाठी स्टंटमन डेमियन वॉल्टर्सने खरोखर १२५ फुटांवरून उडी मारली, कॉम्प्युटरवर नाही. मेहनतीला तोड नाही. पण गेममध्ये ॲनिमस म्हणजे साधं टेबल, माणूस त्यावर आडवा पडतो आणि पूर्वजांच्या आठवणीत जातो, कारण हालचाल तुम्ही करणार असता. पिक्चरमध्ये आडवा पडलेला हिरो बघणार कोण, म्हणून छतावरून लोंबकळणारा अवाढव्य यांत्रिक हात आणला जो त्याला हवेत गरागरा फिरवतो. आणि पहिल्या गेममधली माझी आवडती गोष्ट, बाकावर दोन अनोळखी लोकांच्या मधे जाऊन नुसतं बसायचं आणि सैनिक समोरून निघून जातात, त्या गर्दीत विरघळण्यातली मजा मला पिक्चरमध्ये कुठेच सापडली नाही. जगभरात २४ कोटींच्या आसपास धंदा झाला, पुढचा भाग निघाला नाही.

राहिला स्प्लिंटर सेल. गेम २००२ चा, आवाज मायकेल आयरनसाइडचा, अंधारात बसून दिवे फोडत पुढे जायचं. २०१२ ला टॉम हार्डी त्याचा हिरो सॅम फिशर होणार असं जाहीर झालं, २०१४ ला डग लायमन डायरेक्टर म्हणून आला, आणि २०२४ ला प्रोड्युसरकडून सांगण्यात आलं की तो पिक्चर आता होत नाहीये. बारा वर्षं. त्याच्या जागी २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये नेटफ्लिक्सवर 'डेथवॉच' ही ॲनिमेशन सिरीज आली, 'जॉन विक' लिहिणाऱ्या डेरेक कोलस्टॅडची, फिशरला आवाज लीव्ह श्रायबरचा.

आणि फिशरच्या कपाळावर तो गॉगल आहे, तीन हिरवे दिवे चमकणारा. अंधारात लपणारा माणूस डोक्यावर तीन दिवे लावून फिरतो, याहून येडेपणा काय असेल, पण गेममध्ये स्क्रीन काळीकुट्ट झाल्यावर आपला माणूस कुठे बसलाय हे आपल्याला कळायला ते दिवेच कामी येतात आणि गार्डला ते दिसत नाहीत हे आपण गृहीत धरतो. चित्रातल्या माणसाला ते दिवे खपून जातात. टॉम हार्डीच्या कपाळावर ते लावायचे की विझवायचे, हे कुणाला ठरवायची वेळच आली नाही.