आगरात सोडलेला ससा माणसाजवळ कसा येतो?

कोकणातल्या सड्यावर तिन्हीसांजेला दिसणारा तपकिरी ससा आणि कुणीतरी हौसेने पाळून नंतर आगरात सोडून दिलेला पांढरा ससा यांचे नाते वाटते त्यापेक्षा बरेच दूरचे आहे. सड्यावरचा तो भारतीय रानससा. तो बिळे करीत नाही, त्याची पिल्ले अंगभर केस घेऊन उघड्या डोळ्यांनी जन्मतात आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण दिलेले आहे, म्हणून त्याला पकडू नये. पांढरा ससा मात्र स्पेन-पोर्तुगालकडच्या, बिळांत राहणाऱ्या युरोपीय सशाचा वंशज आहे. रानसशाची गुणसूत्रे ४८, तर याची ४४. तेव्हा तो रानात मिसळून जाईल ही समजूत निराधार आहे. मुंगूस, कोल्हा आणि मोकाट कुत्रे यांच्यापुढे पांढऱ्या रंगाचा हा प्राणी फार दिवस टिकत नाही. त्याला पुन्हा घरात घेणेच योग्य, पण त्याच्यामागे धावून ते साधत नाही.

याचे कारण त्याच्या मेंदूत आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात पाळीव आणि रानटी युरोपीय सशांच्या मेंदूंची एमआरआय चित्रे ताडून पाहण्यात आली. पाळीव सशांमध्ये भीती जागवणारा अमिग्डाला हा भाग तुलनेने लहान, तर त्या भीतीला आवर घालणारा मेंदूच्या पुढच्या बाजूचा भाग मोठा आढळला. पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीने भीती अशी कमी झाली असली, तरी ती नाहीशी झालेली नाही. माणसाच्या सहवासात वाढलेला ससाही मूळचा भक्ष्य-प्राणीच असतो, आणि पाठलाग करणारा जीव त्याच्या लेखी शिकारीच ठरतो. प्रत्येक पाठलागाने ही ओळख अधिक पक्की होते.

सशाचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे त्याला मागचे आणि वरचेही दिसते. दिसत नाही ती नेमकी नाकासमोरची आणि हनुवटीखालची थोडी जागा. आपण प्रेमाने नाकापुढे धरलेला हात त्याला अचानक उगवल्यासारखा वाटतो, आणि वरून येणारा हात घारीची झडप वाटतो. म्हणून पहाटे किंवा संध्याकाळी, जेव्हा ससा स्वभावतःच चरायला बाहेर पडतो, तेव्हा त्याच्यापासून काही अंतरावर अंग थोडे वळवून जमिनीवर बसावे, रोज त्याच जागी, हलक्या आवाजात बोलत. हरळी, कोथिंबीर किंवा मक्याची पाने शेजारी ठेवावीत आणि पुढे येण्याचा निर्णय त्याच्यावर सोडावा. माझ्या मते सगळ्यात कठीण भाग हाच आहे, कारण मदत करायला आलेल्या माणसाला स्वस्थ बसणे जमत नाही. कच्चे अळू, कण्हेर आणि घाणेरी मात्र त्याच्या तोंडी लागू देऊ नये.

त्याची उत्तरे अंगावर वाचता येतात. मागचा पाय जमिनीवर आपटणे ही धोक्याची सूचना असते. तेव्हा जागचे हलू नये. जवळ येऊन आपल्या चपलेवर हनुवटी घासली, तर तिथल्या ग्रंथींचा वास लावून ती वस्तू त्याने आपली ठरवली असे समजावे. पाय पसरून आडवे होणे ही निर्धास्तपणाची खूण आहे. पण सशाला उताणे धरल्यावर तो जो निपचित पडतो, त्याला शांत झाला असे समजणे घातक आहे. ती शिकाऱ्याच्या तावडीत सापडलेल्या प्राण्याची ताठरलेली अवस्था असते.

कान धरून उचलण्याची पद्धत तर सोडलीच पाहिजे. सशाचा सांगाडा शरीराच्या वजनाच्या सुमारे ८ टक्केच असतो, आणि मागच्या पायांची लाथ इतकी जोरदार असते की अधांतरी झटापट केल्यास त्याचा स्वतःचाच कणा मोडू शकतो. त्यापेक्षा पेंढा घातलेले खोके आडवे ठेवून त्यात रोज चारा द्यावा आणि तो आत जाऊन निवांत खाऊ लागला की एके दिवशी झाकण लावावे.

घरात त्याला पडवीच्या सावलीत, वारा लागेल असे ठेवावे. सशाला माणसासारखा घाम येत नाही, अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांवाटे बाहेर टाकतो, त्यामुळे तिशीपुढचे तापमान आणि किनाऱ्यावरची दमट हवा त्याला झेपत नाही. अर्धा दिवस त्याने काहीच खाल्ले नाही, तर आतडी मंदावली असण्याची शक्यता असते. तेव्हा थांबून न राहता पशुवैद्याकडे न्यावे. मादी असल्यास ती गाभण आहे का हेही तपासून घ्यावे, कारण गर्भकाळ अवघा ३१ दिवसांच्या आसपास असतो आणि व्यायल्यावर ती लगेच पुन्हा गाभण राहू शकते.