शाफ्टपर्यंत न पोहोचणारे अर्थिंग

गेल्या गळीत हंगामात सांगली जिल्ह्यातील एका साखर कारखान्यात सेंट्रिफ्युगलच्या, म्हणजे साखरेचे दाणे मळीपासून वेगळे करणाऱ्या यंत्राच्या, मोटारीचे बेअरिंग तीन महिन्यांत दुसऱ्यांदा गेले, तेव्हा तेथील फिटरने मला ठामपणे सांगितले, की मोटारीला अर्थिंग उत्तम आहे. बॉडीपुरते त्याचे म्हणणे खरे होते. शाफ्ट, म्हणजे मोटारीचा फिरता दांडा, मात्र बेअरिंगच्या गोळ्यांवर फिरतो आणि वेगात असताना गोळी व रेस (गोळ्या जिच्यावर धावतात ती कडी) यांच्यामध्ये ग्रीसमधील तेलाचा जेमतेम एक मायक्रोमीटर जाडीचा पापुद्रा असतो, त्यामुळे बॉडीचे अर्थिंग शाफ्टपर्यंत पोहोचतच नाही.

शाफ्टवर व्होल्टेज येते कोठून? तीन फेजच्या संतुलित लहरींची बेरीज प्रत्येक क्षणी शून्य असते. मोटारीचा वेग बदलणारा ड्राइव्ह (तिला वीज पुरवणारे इलेक्ट्रॉनिक उपकरण) मात्र गुळगुळीत लहर देत नाही. ४१५ व्होल्टच्या पुरवठ्यापासून तो सुमारे ५८५ व्होल्टचा डीसी दाब तयार करतो आणि प्रत्येक फेजला आळीपाळीने अधिक २९३ किंवा उणे २९३ व्होल्टवर नेतो. फेज तीन आणि पर्याय दोनच असल्यामुळे बेरीज शून्य येणे अशक्यच. तिन्हींची सरासरी कधी ९८, तर कधी २९३ व्होल्ट येते, आणि चिन्हासकट सेकंदाला हजारो वेळा बदलते. मोटारीचे वाइंडिंग (तारांची गुंडाळी) आणि रोटर (शाफ्टवरचा फिरता भाग) मिळून एक चिमुकला कपॅसिटर होतो, त्यातून या दाबाचा लहानसा अंश शाफ्टवर उतरतो. तेवढ्यानेही तेलाचा पापुद्रा फुटतो, ठिणगी पडते, पोलाद सूक्ष्म बिंदूत वितळते, ग्रीस काळे पडते आणि कालांतराने रेसवर आडव्या पन्हळी उमटतात. पॅनेलच्या दारावरील लिंबू-मिरची या प्रवाहाला दुसरी वाट देऊ शकत नाही.

ती वाट देते कथिलाचा मुलामा दिलेल्या बारीक तांब्याच्या तारांची विणलेली चपटी पट्टी. तिच्या एका टोकाला लग (भोक असलेले धातूचे टोक) दाबून बसवतात आणि तो मोटारीच्या बॉडीवर रंग खरवडलेल्या जागी बोल्टने आवळतात. दुसरे टोक शाफ्टच्या स्वच्छ भागावर हलक्या दाबाने टेकवतात. पट्टी आखूड आणि रुंद हवी, कारण अतिजलद बदलणाऱ्या प्रवाहाला लांब तारेचे इंडक्टन्स अडवते.

सहवीजनिर्मितीच्या टर्बाइनवर ओलसर वाफेच्या थेंबांमुळे स्थिर विद्युतभार साचतो; तेथेही अशा पट्ट्या वापरतात. जनरेटरचे टर्बाइनपासून दूरच्या टोकाचे बेअरिंग मुद्दाम विद्युतरोधक ठेवलेले असते, म्हणून पट्टी त्या बाजूला लावू नये. तसे केल्यास प्रवाहाला वर्तुळ पूर्ण करण्याची संधी मिळते.

आमच्या फिटरने पट्टी उत्तम बसवली. महिनाभराने पाहिले, तर ती झिजू नये म्हणून त्याने तिच्याखाली ग्रीस लावले होते.