हरवलेला फोन दुरून कसा पुसला जातो?

पुण्यात हिंजवडी, खराडी किंवा मगरपट्ट्यातील आयटी कंपनीत रुजू झाल्यावर ऑफिसचे ईमेल फोनवर हवे असतील, तर बहुधा आधी कंपनीकडे फोनची नोंदणी करावी लागते, आणि अनेक जण अटी न वाचताच ‘मान्य’वर बोट ठेवतात. मोबाईल डिव्हाइस मॅनेजमेंट, म्हणजेच एमडीएम, असे या व्यवस्थेचे नाव आहे. पासकोड किती अंकी असावा, ऑफिसची कोणती अ‍ॅप फोनवर असावीत, हे त्यानंतर कंपनीचा सर्व्हर ठरवू शकतो.

हा सर्व्हर हवे तेव्हा फोनमध्ये शिरतो, असा समज आहे. प्रत्यक्षात आयफोनमध्ये संपर्क फोनच साधतो. आयटी विभागाने आज्ञा दिली, की अ‍ॅपलच्या पुश सेवेमार्फत फोनला केवळ एक इशारा जातो, जणू मिस्ड कॉलच. तो मिळाल्यावर फोन सुरक्षित जोडणीने सर्व्हरकडे जाऊन आज्ञा घेतो, ती पाळतो आणि काय झाले ते कळवतो.

समजा, असा फोन पीएमपीएमएलच्या बसमध्ये राहिला आणि आयटी विभागाने तो पुसण्याची आज्ञा दिली. आजच्या फोनमधील माहिती मुळातच एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे सांकेतिक रूपात बदललेली, असल्यामुळे ती फाइलमागून फाइल पुसत बसावे लागत नाही. ती उलगडणारी किल्ली नष्ट केली, की उरतो तो निरर्थक आकड्यांचा ढीग. अर्थात फोन बंद असेल किंवा सिम काढल्याने इंटरनेट तुटले असेल, तर आज्ञा सर्व्हरवरच ताटकळत राहते. म्हणूनच ठरावीक वेळा चुकीचा पासकोड टाकल्यास फोनने स्वतःच सर्व पुसावे, हा नियम आधीच बसवता येतो. त्याला नेटवर्क लागत नाही. (दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवरून फोन ब्लॉक केल्यास त्याचे मोबाईल नेटवर्क तुटते, आतली माहिती मात्र तशीच राहते.)

फोन स्वतःचा असेल, तर कंपनीचा अधिकार कुठे संपतो हा खरा प्रश्न आहे. 2014 च्या अँड्रॉइड 5.0 पासून ‘वर्क प्रोफाइल’ची सोय आहे. ऑफिसची अ‍ॅप बॅगेचे चिन्ह लावून वेगळ्या कप्प्यात राहतात आणि आयटी विभाग फक्त तो कप्पा पुसू शकतो. घरचे फोटो आणि खासगी व्हॉट्सअ‍ॅप त्याच्या आवाक्याबाहेर असतात. आयफोनमध्ये अशी सोय 2019 च्या आयओएस 13 पासून आली. उलट, संपूर्ण फोनच व्यवस्थापनाखाली दिला असेल, तर पुसण्याची आज्ञा सगळ्यालाच लागू होते. त्यामुळे यांपैकी कोणती नोंदणी होणार आहे, हे सही करण्यापूर्वीच आयटी विभागाला विचारावे, आणि उत्तर ‘संपूर्ण फोन’ असे आले, तर स्वतःच्या फोटोंचा बॅकअप आधी घ्यावा.