माप-वजन रूपांतर (खानदेशातील भट्टीचे जिन्नस)

वाटी, शेर, पायली अशा मापाने घेतलेले मैदा, रवा, साखर, तूप इ. जिन्नस ग्रॅम-किलोत मांडण्याची रीत. जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांत तिचा संबंध मुख्यतः नानकटाई व बिस्किटांशी येतो. दिवाळीच्या सुमारास घरचे जिन्नस नेऊन बेकरीच्या भट्टीत भाजून आणण्याची चाल परिचित आहे. घरचे प्रमाण वाटीचे आणि बेकरीतला काटा किलोचा, म्हणून हा खटाटोप.

घोटाळ्याचे मूळ ‘शेर’ या शब्दात आहे. मापी (आकारमानाचा) शेर हा पायलीचा चौथा हिस्सा. त्याचा अर्धा ते मापटे, पाव ते चिपटे. वजनी पक्का शेर मात्र ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम. वजनी शेराच्या प्राचीनत्वाबद्दल मतभेद आहेत. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’ या गणितग्रंथाच्या काही प्रतींत ७२ टंकांचा (टंक हे एक जुने वजन) शेर व ४० शेरांचा मण सांगून त्याला तुरुष्क (तुर्कांची) संज्ञा म्हणणारा एक श्लोक आढळतो. तो श्लोक भास्कराचार्यांचाच मानला तर वजनी शेर बाराव्या शतकापर्यंत मागे जातो. प्रक्षिप्त, म्हणजे मागाहून घुसडलेला, मानला तर बराच अलीकडे येतो. दुसरे मत अधिक ग्राह्य दिसते, कारण त्याच ग्रंथात धान्यासाठी खारी, द्रोण, आढक, प्रस्थ, कुडव ही मापे दिलीच आहेत, आणि खारीची व्याख्या लांबी, रुंदी, उंची एकेक हात असलेल्या पात्रावरून, म्हणजे निव्वळ आकारमानावरून केली आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याच्या मठासंबंधीच्या पाटणे (ता. चाळीसगाव) येथील शिलालेखात (शके ११२८, बहुधा इ.स. १२०७) येथे जे मापायचे ते मठाच्या मापाने मापावे, असे बजावले आहे. गावोगावची मापे एकसारखी नसावीत, असे अनुमान यावरून करता येते.

२४० मिलि.च्या कपात दाणेदार साखर सुमारे २०० ग्रॅम, पातळ तूप २१५, पिठीसाखर १२० च्या आसपास आणि चाळून हलक्या हाताने भरलेला मैदा १२० ते १३० ग्रॅम मावतो. कप डब्यात खुपसून दाबून भरला तर तोच मैदा १५० वर जातो. शीग (काठावर रास) ठेवली तर हिशोबच सोडावा. घरची वाटी या कपाएवढी असेलच असे नाही. आधी तिच्यात मावणारे पाणी तोलावे. जितके ग्रॅम, तितके मिलि.

नानकटाईचे एक रूढ प्रमाण दोन वाट्या मैदा, एक वाटी पिठीसाखर, एक वाटी तूप असे आहे. वाटी २४० मिलि.ची धरल्यास काट्यावर हे अनुक्रमे साधारण २५०, १२० व २१५ ग्रॅम भरते. तेच २:१:१ थेट वजनाला लावले, तर २५० ग्रॅम मैद्याला तूप १२५ ग्रॅमच पडते. गोळा वळताना भुगा होतो आणि खापर भट्टीवाल्यावर फुटते. बट्टीच्या (वरणासोबत खाल्ल्या जाणाऱ्या भाजक्या गोळ्यांच्या) रवाळ पिठाला एवढी काटेकोर गरज नसते, कमीजास्त पाण्याने सावरता येते.

खाण्याचा सोडा सपाट चहाच्या चमच्यात (५ मिलि.) सुमारे ५ ग्रॅम मावतो. घरगुती काट्यावर याहून बारीक तोल भरवशाचा नसल्याने सोडा व वेलचीपूड चमच्यानेच घेतात.