धावत्या इंजिनाची तहान

नाशिकरोडच्या एका शाळेत काही महिन्यांपूर्वी वाफेच्या इंजिनावर बोलायला गेलो असता मी मुलांना एक साधा प्रश्न विचारला होता. वाफेच्या इंजिनाने कुठेही न थांबता लांबचा पल्ला गाठायचा असेल, तर आधी काय संपेल, कोळसा की पाणी? एक-दोन हात सोडले तर सगळा वर्ग कोळशाच्या बाजूने होता, आणि मागे बसलेले शिक्षकही त्याच मताचे निघाले. जुन्या इंजिनांच्या वारसा सफरींची चित्रे पाहणाऱ्या बहुतेकांचा असाच समज असतो, कारण चित्रात फावडे दिसते, धूर दिसतो. पाणी मात्र टेंडरच्या, म्हणजे इंजिनामागे जोडलेल्या कोळसा-पाण्याच्या डब्याच्या, पोटात असते.

याच व्याख्यानात एका मुलाने ‘पाण्यावर चालणाऱ्या मोटारसायकली’चा विषय काढला. अशा शोधांचे व्हिडिओ वर्षातून दोनदा तरी मोबाइलवर फिरत येतात. पाणी हे इंधन नाही. हायड्रोजन जळून झाल्यावर जे उरते ते पाणी, म्हणजे एका अर्थाने ती राखच आहे, आणि राख पुन्हा पेटत नाही. वाफेच्या इंजिनातही पाणी जळत नाही. कोळशाची उष्णता सिलिंडरपर्यंत वाहून नेणारा तो हमाल आहे, आणि तिथले काम संपताच त्याला चिमणीतून बाहेर घालवले जाते.

या हमालाला मजुरी मात्र भरपूर लागते. एक लिटर पाणी २५ अंशांवरून १०० अंशांपर्यंत तापवायला सुमारे ३१४ किलोज्यूल पुरतात, पण तेच पाणी तापमान न वाढवता नुसते वाफेत बदलायला आणखी २२५७ किलोज्यूल द्यावे लागतात. इंजिनाच्या बॉयलरमध्ये दाब जास्त असल्याने तापवण्याचा आकडा बराच वाढतो आणि वाफ करण्याचा थोडा घटतो, पण मोठा वाटा वाफ करण्याचाच राहतो. भट्टीतून आणि चिमणीतून होणारी गळती धरता एक किलो चांगला कोळसा साधारण सात-आठ लिटर पाण्याची वाफ करतो, म्हणजे वजनाने पाहिले तर इंजिन जेवढे खाते त्याच्या सात-आठ पट पिते.

‘फ्लाइंग स्कॉट्समन’ या ब्रिटिश इंजिनाचे उदाहरण घेऊ. त्याच्या टेंडरमध्ये सुमारे नऊ टन कोळसा आणि ५,००० गॅलन, म्हणजे जवळपास २२,७०० लिटर पाणी मावत असे. या ताकदीचे इंजिन जलद गाडी ओढताना किलोमीटरला सुमारे १२० लिटर पाणी पिते. त्या हिशेबाने कोळसा सहाशे किलोमीटर पुरतो, पाणी १९० किलोमीटरलाच संपते, म्हणजे नाशिकरोडहून निघालेली गाडी जेमतेम मुंबई गाठेल.

पाणी संपत आले की गाडी थांबवणे एवढाच मार्ग उरतो, कारण भट्टीच्या छताचा पत्रा सतत पाण्याखाली राहावा लागतो. तो उघडा पडला तर काही मिनिटांत तापून मऊ होतो आणि बॉयलर फुटू शकतो. त्यासाठी छतात लेड प्लग, म्हणजे शिसे भरलेले बूच, बसवलेला असतो. पाणी उतरले की तो वितळतो आणि वाफ भट्टीत शिरून धोक्याची सूचना देते.

मग वापरलेली वाफ थंड करून तेच पाणी पुन्हा का वापरत नाहीत? नाशिकजवळ एकलहऱ्याच्या औष्णिक वीजकेंद्रात नेमके हेच होते. (तिथल्या मनोऱ्यांवर दिसणारा पांढरा ढग बॉयलरच्या वाफेचा नसतो; तो थंड करणाऱ्या दुसऱ्या पाण्याचा असतो. बॉयलरचे पाणी बंद नळ्यांतून फिरत राहते.) इंजिनाला ही चैन दोन कारणांनी परवडत नाही. एक म्हणजे वाफ थंड करणाऱ्या शीतकाला जागा लागते. दुसरे आणि अधिक महत्त्वाचे असे की, सिलिंडरमधून सुटलेली वाफ चिमणीतून जोराने वर जाताना आपल्याबरोबर धूर ओढून नेते आणि त्या ओढीमुळेच भट्टीत हवा शिरते. इंजिनाचा ‘भक् भक्’ आवाज हा या भात्याचा आवाज आहे. वाफ अडवली की भाता बंद पडतो. दक्षिण आफ्रिकेच्या रेल्वेने कारूच्या कोरड्या पठारासाठी १९५३ ते १९५५ या काळात वाफ थंड करून परत वापरणारी नव्वद इंजिने घेतली, तेव्हा भात्याचे काम करण्यासाठी त्यांच्यात पंखा बसवावा लागला. पाणी पुष्कळ वाचले, परंतु देखभाल जड गेली आणि पुढे त्यांतील बहुतेक इंजिने साधी करून घेण्यात आली.

आता ज्या युक्तीसाठी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे येतो. आयर्लंडची टपाल नेणाऱ्या गाडीचा वेळ वाचवण्यासाठी जॉन रॅम्सबॉटम या अभियंत्याने १८६० मध्ये वेल्समधील मॉक्ड्रे येथे दोन रुळांच्या मधोमध पाण्याने भरलेली लोखंडी पन्हळ बसवली. ती सुमारे ४५ सेंटिमीटर रुंद, १५ सेंटिमीटर खोल आणि चारशे मीटर लांब होती. टेंडरच्या तळाशी पुढे तोंड असलेले एक ओगराळे होते. पन्हळ आली की फायरमनने, म्हणजे भट्टीत कोळसा टाकणाऱ्याने, ते खाली सोडायचे आणि पन्हळ संपण्याआधी वर घ्यायचे, एवढेच काम होते. त्याला ना पंप लागत होता, ना मोटार.

पंपाशिवाय पाणी दोन-तीन मीटर वर कसे चढते? गंगापूर धरणाच्या कालव्यात एक वाकडी नळी अशी धरा की तिचे खालचे तोंड प्रवाहाला सामोरे असेल आणि दुसरे टोक सरळ वर असेल. प्रवाहाचा वेग सेकंदाला एक मीटर असेल, तर नळीतले पाणी बाहेरच्या पातळीपेक्षा सुमारे पाच सेंटिमीटर वर चढेल. दोन मीटर वेगाला ते वीस सेंटिमीटर चढेल, कारण उंची वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. फ्रान्समध्ये पिटो याने १७३२ मध्ये सेन नदीचा वेग अशाच नळीने मोजला होता. रॅम्सबॉटमने हीच मांडणी उलटी केली, म्हणजे पाणी स्थिर ठेवले आणि नळी पळवली. इंजिनावर उभ्या असलेल्या फायरमनच्या दृष्टीने पन्हळीतले पाणीच गाडीच्या वेगाने अंगावर येत असते. ओगराळ्याचा बाक त्याला फक्त वरची दिशा देतो, आणि मग ते वर फेकलेल्या चेंडूसारखे जाते. शाळेतल्या v² = २gh या सूत्रात उंची २.३ मीटर घातली तर वेग ताशी २४ किलोमीटर येतो. घर्षण धरता प्रत्यक्षात ताशी ३५ किलोमीटरच्या वर जावे लागे.

याहून मजेची गोष्ट अशी की, किती पाणी मिळेल हे वेगावर जवळजवळ अवलंबून नसते. ओगराळे ३० सेंटिमीटर रुंद असेल, पाण्यात ६ सेंटिमीटर बुडत असेल आणि पन्हळ ५०० मीटर लांब असेल, तर ते ९,००० लिटर पाणी खरवडून घेईल. गाडी सावकाश असो की जलद, वाटेत येणारे पाणी तेवढेच.

अर्थात हे पाणी फुकट चढत नाही. गाडी ताशी ७२ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २० मीटर वेगाने जात असेल, तर ते नऊ टन पाणी २५ सेकंदांत आत येते. स्थिर पाण्याला गाडीचा वेग द्यायला इंजिनाला ७,२०० न्यूटन, म्हणजे जवळजवळ पाऊण टन वजनाइतका जादा ओढा सोसावा लागतो. पाचशे मीटरमध्ये त्याने केलेले काम ३६ लाख ज्यूल भरते. त्यातले निम्मे, १८ लाख, गाडीबरोबर धावणाऱ्या पाण्याची गतिज ऊर्जा म्हणून शिल्लक राहतात. उरलेल्या निम्म्यातून पाणी तीन मीटर चढवायला पुरते तीन लाखही लागत नाहीत. बाकीची ऊर्जा खळबळाटात, तुषारांत आणि थोडीशी पाणी तापवण्यात जाते. म्हणून गरजेपेक्षा जास्त वेग म्हणजे केवळ उधळपट्टी असते, आणि पहिल्या डब्यातल्या ज्या प्रवाशांनी खिडकी उघडी ठेवली असेल त्यांना ती अंगावर घ्यावी लागे.

ही युक्ती आपल्या घाटात मात्र चालली नसती. थळ घाटाचा चढ ३७ला १ आहे. तिथे ५०० मीटरच्या पन्हळीची दोन टोके साडेतेरा मीटर खालीवर झाली असती आणि सगळे पाणी कसाऱ्याकडे वाहून गेले असते. पन्हळीला टेबलासारखी सपाट वाट लागते.

लंडन-एडिंबरा मार्गावर अशा सहा पन्हळी होत्या. त्यांच्या आधाराने फ्लाइंग स्कॉट्समन १ मे १९२८ रोजी ६३२ किलोमीटर न थांबता धावले. हे अंतर नाशिकरोड ते नागपूरपेक्षा थोडेसेच कमी आहे. १२० लिटरच्या दराने त्याला सुमारे ७६,००० लिटर पाणी लागते. टेंडरचे २२,७०० आणि सहा वेळा ९,००० मिळवले तर हिशेब जवळपास तंतोतंत बसतो. २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला गेलेल्या पाणीगाडीच्या प्रत्येक वाघिणीत सुमारे ५०,००० लिटर होते, म्हणजे एका इंजिनाची एका प्रवासाची तहान अशा दीड वाघिणीची होती.

चाळीस वर्षांनी, १ मे १९६८ रोजी, तोच प्रवास पुन्हा झाला, तेव्हा ब्रिटनमधले वाफेचे युग संपत आले होते आणि पन्हळी उखडल्या जाऊ लागल्या होत्या. इंजिनाचे तेव्हाचे मालक ॲलन पेग्लर यांनी १९६६ मध्येच दुसरा टेंडर घेऊन तो केवळ पाण्यासाठी मागे जोडला होता. तरीही दोन टेंडरचे पाणी पूर्ण अंतराला पुरणारे नव्हते, त्यामुळे उरलेल्या पन्हळींवर विसंबावे लागले. दुसऱ्या टेंडरचाही एक कर असतोच, कारण जादा पाण्याचे वजन ओढायला जादा वाफ लागते आणि त्या वाफेला पुन्हा पाणी लागते; परंतु सपाट मार्गावर तो कर फार नसतो.

ऑस्ट्रेलियात हाच मार्ग शेवटपर्यंत नेला गेला. पार्क्स ते ब्रोकन हिल या रुक्ष वाटेवर पन्हळ नव्हती, म्हणून पाण्याच्या टाक्याच इंजिनामागे जोडण्यात आल्या आणि ८ ऑगस्ट १९८९ रोजी त्याच फ्लाइंग स्कॉट्समनने ६७९ किलोमीटर न थांबता कापून वाफेच्या इंजिनांचा विक्रम केला.