पाणी फळीखाली घट्ट होईपर्यंत

वज्रासनात पाच मिनिटं बसता येत असेल, तर नीबोर्डवर कसं बसायचं हे वेगळं शिकावं लागत नाही. पाय मागे दुमडलेले, बूड टाचांवर, पाठ सरळ. फक्त सतरंजीच्या जागी सव्वा मीटरभर लांब आणि अर्धा मीटर रुंद फळी असते, मांड्यांवरून रुंद पट्टा असतो आणि 15 ते 20 मीटर पुढे धावणारी मोटरबोट दोराने आपल्याला तलावावरून ओढत असते. अमेरिका-ऑस्ट्रेलियातल्या तलावांवर आणि नद्यांवर उन्हाळ्यात हा खेळ चालतो. वॉटर स्कीइंगपेक्षा तो लवकर जमतो, कारण गुडघ्यांवर बसलं की शरीराचा गुरुत्वमध्य उभं राहण्याच्या मानाने निम्म्याहून खाली येतो आणि तोल जायला जागाच कमी उरते.

तरीही पहिल्या दिवशी बहुतेक जण बुडतात. चूक जवळजवळ नेहमी एकच असते: गुडघे वर घ्यायची घाई.

का, ते साध्या हिशोबाने कळतं. नीबोर्डचं आकारमान 30 लिटरच्या आसपास धरा. तो पूर्ण बुडाला तर 30 किलो पाणी बाजूला सारणार, त्यातून त्याचं स्वतःचं चार-पाच किलो वजन वजा करा. म्हणजे स्थिर पाण्यात ही फळी फार तर 25 किलो पेलेल. पोटावर आडवं पडलेल्या माणसाचं बरंचसं अंग पाण्यातच असतं आणि त्याचा भार पाणीच उचलतं, म्हणून फळी तरंगते. तोच माणूस गुडघ्यांवर बसला की सगळं अंग पाण्याबाहेर, 70 किलोंचा सगळा भार फळीवर. ती खाली जाणारच.

मग बोट वेगात असताना ती बुडत का नाही? लहानपणी चपटा दगड तिरपा फेकून तळ्यावर टप्पे काढले असतील, तर उत्तर तुमच्या हाताला आधीच माहीत आहे. तिरप्या पृष्ठभागावर पाणी वेगाने आदळलं की ते खाली ढकललं जातं आणि त्याच जोराने पृष्ठभागाला वर ढकलतं. (दगडासाठी उत्तम कोन सुमारे 20 अंशांचा, असं फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञांनी 2004 साली प्रयोगातून दाखवलं.) ताशी 29 किलोमीटर, म्हणजे सेकंदाला 8 मीटर वेगाने येणाऱ्या पाण्याच्या माऱ्याचा दाब सुमारे 32,000 पास्कल असतो. माणूस आणि फळी मिळून 75 किलो तोलायला त्या फळीच्या तळावर सरासरी 1,250 पास्कल पुरतात, म्हणजे जेमतेम पंचविसावा हिस्सा. म्हणून फळी किंचित तिरपी असली तरी भागतं. पण वेग निम्मा केला की दाब निम्मा होत नाही, चौथाई होतो. तेवढ्यात भार तोलायचा तर फळीला नाक बरंच वर करावं लागतं आणि ती पुढ्यात पाण्याचा ढीग ढकलत, अडखळत चालते.

म्हणून सुरुवात पोटावर करायची. कोपरं फळीवर टेकलेली, हँडल घट्ट, फळीचं नाक थोडं वर. बोट वेग घेते तसं आधी पाणी तोंडावर उडतं. मग फळी सपाट होते, खालून टणक आवाज यायला लागतो आणि तुषार मागे पडतात. पाणी आता फळीखाली घट्ट झालं आहे. याच क्षणी एकेक गुडघा पुढे सरकवून फळीवरच्या गुडघ्यांसाठीच्या खाचेत बसवायचा आणि मग सावकाश टाचांवर बसायचं. हात ताणलेले, हँडल मांड्यांजवळ खाली. ते छातीकडे ओढण्याचा मोह होतो, पण त्याने तोल बिघडतो. भार फार पुढे गेला तर नाक पाण्यात घुसतं आणि आपण त्याच्यावरून पुढे जातो.

फळी घेताना रंग सोडून आधी कड पाहा. जाड, गोल कडेला पाणी वळसा घालून वर चढतं, त्यामुळे फळीची पकड सौम्य राहते आणि चूक झाली तरी ती सांभाळून घेते. पातळ, धारदार कडेवरून पाणी झटकन सुटतं. वळण तिखट येतं, पण तोल चुकला की तीच कड पाण्यात रुतते. शिकणाऱ्याने गोल कडेची, मोल्डेड प्लास्टिकची फळी घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. तळाला आत-बाहेर होणारे छोटे फिन, म्हणजे माशाच्या परासारखी उभी पाती असली तर आणखी चांगलं, फळी सरळ रेषेत चालते. नाकाशी हँडल अडकवायचा हूक असला की पट्टा लावायला दोन्ही हात मोकळे मिळतात. गुडघ्यांखालचा फोम मात्र स्वस्तातला नको.

फिनवरून जॉर्ज ग्रीनो आठवतो. कॅलिफोर्नियातला हा माणूस 1960च्या दशकात बोटीशिवाय, पट्ट्याशिवाय, समुद्राच्या लाटांवर गुडघ्यांवर बसून फिरायचा. ट्यूना माशाच्या पराकडे बघून त्याने मागे झुकलेला, लवचीक फिन घडवला. ऑस्ट्रेलियाच्या नॅट यंगने 1966 साली सॅन डिएगोची जागतिक सर्फिंग स्पर्धा जिंकली, ती ग्रीनोच्या फिनच्या बोर्डवर. उभ्याने सर्फिंग करणाऱ्यांना वळायला शिकवण्यात एका गुडघ्यांवर बसणाऱ्याचा एवढा वाटा आहे, याचं मला फार अप्रूप वाटतं.

पट्ट्याबद्दल मात्र हयगय नको. उलटल्यावर फळी गुडघ्यांना धरून ठेवते, म्हणून पट्टा एका झटक्यात सुटणारा हवा आणि काठावर, कोरड्यात, डोळे मिटून तो दहा वेळा सोडून पाहायला हवा. लाइफ जॅकेट अंगावर हवंच. बोटीत चालकाशिवाय मागे तोंड करून बसलेला एक जण हवा. त्याला फळीवरून हाताने खुणा करायच्या: अंगठा वर म्हणजे वेग वाढव, खाली म्हणजे कमी कर. गुडघ्याचं जुनं दुखणं असेल तर हा खेळ नको. ज्यांचे गुडघे धड आहेत त्यांच्याही पायांना काही मिनिटांत मुंग्या येतात, तेव्हा फेऱ्या लहान ठेवाव्यात.

थांबताना सगळं उलट क्रमाने घडतं. हँडल सोडलं की फळी काही मीटर शांतपणे घसरते, मग वेगाबरोबर पाण्याचा आधार जातो आणि ती हळूहळू मांड्यांपर्यंत बुडते. ती कलंडायच्या आत पट्टा सोडायचा, पुन्हा पोटावर यायचं आणि दुसऱ्या बोटींना दिसावं म्हणून एक हात उंच धरून आपल्या बोटीची वाट पाहायची.